महाराष्ट्राच्या भूजलावरील सरकारी अभ्यास : निष्कर्षापेक्षा नोंदी मोलाच्या

महाराष्ट्रातल्या जमिनीखालच्या पाण्याविषयी सर्वांत भरवशाची माहिती कुठे मिळते, असे कोणी विचारले, तर माझे उत्तर ठाम आहे : ती सरकारी यंत्रणांनी केलेल्या भूजल आणि भूशास्त्रीय अभ्यासांत मिळते, आणि तिचा बराच मोठा भाग कोणालाही विनामूल्य पाहता येतो. पुण्यात मुख्यालय असलेली राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, केंद्रीय भूजल मंडळाचे नागपूर येथील मध्य क्षेत्र कार्यालय आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या तीन संस्थांचे जिल्हानिहाय अहवाल, जलधरांचे, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या खडकथरांचे, नकाशे, निरीक्षण विहिरींच्या पातळ्या आणि भूशास्त्रीय नकाशे हा या परीक्षणाचा विषय आहे. शेतकरी, सरपंच, पाणलोटाच्या कामावरचे कार्यकर्ते, तरुण अभियंते आणि भूगोलाचे विद्यार्थी यांनी हे साहित्य कसे वाचावे आणि त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवावी, हे सांगण्याचा माझा प्रयत्न आहे. माझे मत सुरुवातीलाच नोंदवतो. या अहवालांत सर्वांत जास्त चर्चा होते ती तालुका सुरक्षित की अतिशोषित हे दाखवणाऱ्या रंगाची आणि उपशाच्या टक्केवारीची. पण अहवालाचे खरे मोल त्याच्या परिशिष्टांत, म्हणजे खडकांच्या थरांच्या आणि पाण्याच्या पातळीच्या मूळ नोंदींत असते, आणि नेमकी तीच पाने बहुतेक वाचक उलटून पुढे जातात.

या अभ्यासांमागची परंपरा मोठी आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची स्थापना १८५१ साली झाली. सुरुवातीचा भर कोळशाच्या शोधावर होता, तरी विल्यम ब्लॅनफर्ड यांनी तापी आणि नर्मदेच्या खालच्या खोऱ्यांच्या भूशास्त्रावर लिहिलेला विस्तृत प्रबंध १८६९ मध्येच प्रसिद्ध झाला होता. पाण्यासाठी स्वतंत्र यंत्रणा मात्र स्वातंत्र्यानंतर उभी राहिली. १९५४ मध्ये अन्वेषण नलिकाकूप संघटना स्थापन झाली, १९७० मध्ये तिचे केंद्रीय भूजल मंडळ झाले आणि १९७२ मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची भूजल शाखा त्यात विलीन करण्यात आली. महाराष्ट्रात ते वर्ष भीषण दुष्काळाचे होते, आणि राज्याच्या स्वतःच्या भूजल यंत्रणेची उभारणीही त्याच काळातली आहे. एखाद्या विहिरीची चाळीस-पन्नास वर्षांची पातळी आज कागदावर मिळते, ती या काळात घालून दिलेल्या शिस्तीमुळे.

महाराष्ट्रात असा अभ्यास इतका आवश्यक का आहे, हे इथल्या खडकावरून कळते. राज्याचा सुमारे ८२ टक्के भूभाग दख्खनच्या बेसाल्टने, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाने, व्यापलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे प्रवाह एकावर एक पसरत गेले आणि हा थरांचा खडक तयार झाला. वाळूच्या थरात पाणी कणाकणांमधल्या पोकळीत सर्वत्र भरलेले असते. बेसाल्टमध्ये तसे नसते. एका प्रवाहाचा मधला भाग बहुधा घट्ट असतो आणि त्याला भेगा नसतील तर त्यात पाणी जवळजवळ राहतच नाही. माथ्याचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र असतो, पण ती छिद्रे पुढे झिओलाइटसारख्या खनिजांनी भरली गेली असतील तर ती सच्छिद्रता नावापुरतीच उरते. विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो हाच पांढऱ्या ठिपक्यांचा खडक. तो झिजून त्यात आडव्या भेगा पडल्या की त्यातून चांगले झरे लागतात. दोन प्रवाहांच्या मध्ये कुठे कुठे लाल गेरूचा चिकणमातीयुक्त थर सापडतो, आणि तो पाणी खाली जाऊ देत नाही. असे असल्यामुळे दोन शेजारच्या शेतांतल्या विहिरींपैकी एक मे महिन्यातही चालते आणि दुसरी जानेवारीतच कोरडी पडते, यात नशिबाचा भाग फार थोडा असतो आणि थरांचा फार मोठा.

म्हणूनच केंद्रीय भूजल मंडळाच्या अन्वेषण कूपनलिकांच्या, म्हणजे पाण्याचा शोध घेण्यासाठी खोदलेल्या बोअरच्या, नोंदी मला या संपूर्ण साहित्यातला सर्वांत उपयोगी भाग वाटतात. अशा नोंदीत कूपनलिकेचे ठिकाण, समुद्रसपाटीपासूनची उंची, एकूण खोली, कोणत्या खोलीपासून कोणत्या खोलीपर्यंत कोणता खडक लागला, पाणी कुठे कुठे लागले, स्थिर पातळी किती होती आणि किती लिटर प्रति सेकंद पाणी मिळाले, हे सारे एका तक्त्यात दिलेले असते. क्रम साधारणपणे असा वाचायला मिळतो : वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग भेगाळलेला बेसाल्ट, त्याखाली घट्ट काळा कातळ, मध्येच गेरूचा पातळ पट्टा आणि पुन्हा मांजऱ्या. खोदाई करताना बाहेर पडणाऱ्या चुऱ्याचे नमुने ठरावीक अंतराने गोळा करून, त्यांचा रंग आणि कण पाहून हा तक्ता तयार केला जातो. बोअरच्या गाडीवरचे लोक दोन इंची पाणी लागले असे सांगून मोकळे होतात, पण ते पाणी कोणत्या थरातून आले हे सांगत नाहीत. सरकारी नोंद ते सांगते. शेजारच्या दोन-तीन कूपनलिकांचे तक्ते उंचीचा फरक लक्षात घेऊन एकमेकांशेजारी मांडले, तर गेरूचा तोच थर वेगवेगळ्या खोलीवर पुन्हा भेटतो की नाही हे दिसू लागते, आणि आपल्या शिवाराखाली प्रवाहांची मांडणी कशी आहे याचा पहिला खरा अंदाज हाती येतो. अनुत्पादक ठरलेल्या, म्हणजे बोलीभाषेत फेल गेलेल्या, कूपनलिकांच्या नोंदीही या तक्त्यांत असतात. माझ्या दृष्टीने त्यांची किंमत यशस्वी कूपनलिकांइतकीच आहे, कारण कुठे खर्च करू नये हे त्या सांगतात आणि खासगी व्यवहारात अशी माहिती कोणी जपून ठेवत नाही.

दुसरा मोलाचा भाग म्हणजे निरीक्षण विहिरींच्या पातळ्या. राज्याची यंत्रणा जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत ठरवून दिलेल्या विहिरींची पातळी मोजते. केंद्रीय मंडळही आपल्या स्वतंत्र विहिरींवर वर्षातून चार वेळा, साधारणपणे जानेवारीत, पावसाळ्यापूर्वी, ऑगस्टमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये, मोजणी करते. या आकड्यांचा आलेख काढला की विहिरीचा स्वभाव समजतो. पावसाळ्यात किती मीटर चढ होतो, तो किती वेगाने उतरतो, आणि चांगल्या पावसाच्या वर्षानंतरही पातळी पूर्वीच्या उंचीवर परत येते की नाही, हे तीन प्रश्न विचारले तर पुढच्या नियोजनाला पुरेल इतके उत्तर या एकाच आलेखातून मिळते. यांतला तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण तुटीच्या पावसाने होणारी घट आणि वाढत्या उपशाने होणारी घट यांतला फरक तिथेच कळतो. वर्षात चारच मोजण्या असल्याने काही गोष्टी मात्र निसटतात. मोजणीच्या आदल्या रात्री विहिरीवर पंप चालला असेल, तर नोंदलेली पातळी स्थिर नसते. सप्टेंबरच्या शेवटच्या जोरदार पावसाचा परिणाम दोन मोजण्यांच्या मधेच घडून संपलेलाही असू शकतो. राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्पातून अनेक ठिकाणी स्वयंचलित पातळीमापक बसवले गेले आहेत आणि ते दिवसातून अनेकदा नोंद घेतात. बेसाल्टसारख्या लवकर भरणाऱ्या आणि लवकर रिकाम्या होणाऱ्या खडकात ही सुधारणा अतिशय स्वागतार्ह आहे.

लवकर भरणारा आणि लवकर रिकामा होणारा, हे विधान आकड्यांत तपासून पाहण्यासारखे आहे, आणि त्याचे साधनही या अभ्यासांनीच दिले आहे. भूजल अंदाज समितीच्या कार्यपद्धतीत प्रत्येक खडकासाठी विशिष्ट जलप्राप्तीची, म्हणजे पाण्याने भरलेल्या खडकातून निथळून मिळणाऱ्या पाण्याच्या टक्क्याची, शिफारस केलेली मूल्ये आहेत. झिजलेल्या किंवा सच्छिद्र, भेगाळलेल्या बेसाल्टसाठी ती २ टक्के धरतात, तर वाळूयुक्त गाळासाठी १६ टक्के. याचा अर्थ असा की, एक हेक्टर क्षेत्राखाली पाण्याची पातळी एक मीटरने उतरली, तर बेसाल्टमधून जेमतेम २०० घनमीटर, म्हणजे दोन लाख लिटर, पाणी मिळालेले असते. तेवढ्याच उतारात वाळूयुक्त गाळातून १,६०० घनमीटर मिळते. आता पुनर्भरण पाहू. झिजलेल्या बेसाल्टमध्ये पावसाच्या सुमारे ७ टक्के पाणी जमिनीत मुरते असे ही पद्धत धरते. ६०० मिलिमीटर पाऊस झाला तर ढोबळमानाने ४२ मिलिमीटर पाणी मुरले. हे पाणी २ टक्के जलप्राप्तीच्या खडकात साठले की पातळी सुमारे दोन मीटरने वाढते. पावसाळ्यानंतर काठोकाठ भासणारी विहीर पाहून पाणी भरपूर असल्याचा समज होतो, आणि तो किती फसवा आहे हे या दोन ओळींच्या हिशेबातून दिसते. ज्वारी-हरभऱ्याऐवजी ऊस घ्यायचा की नाही याचा निर्णय विहिरीतल्या पाण्याकडे पाहून घेतला जातो. तो या हिशेबाकडे पाहून घेतला जायला हवा, असे मला मनापासून वाटते.

याच कार्यपद्धतीने प्रत्येक मूल्यांकन क्षेत्राचा वार्षिक ताळेबंद मांडला जातो. १९९७ ची पद्धत सुधारून २०१५ ची पद्धत आली आणि २०२२ पासून हे मूल्यांकन दरवर्षी होऊ लागले. उपशाचे उपलब्ध भूजलाशी असलेले प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत असेल तर क्षेत्र सुरक्षित, ७० ते ९० टक्के असेल तर अंशतः शोषित, ९० ते १०० टक्के असेल तर शोषित आणि त्यापुढे अतिशोषित ठरते. महाराष्ट्रात राज्याच्या यंत्रणेने सुमारे दीड हजार पाणलोट क्षेत्रे आखली आहेत, आणि त्यांचे हिशेब पुढे तालुक्यांवर बसवले जातात. पाणलोट हा घटक निवडणे शास्त्रीयदृष्ट्या योग्यच आहे, कारण कठीण खडकात पाणी तालुक्याची हद्द पाहून वाहत नाही. या पाणलोटांच्या नकाशांत अपधाव (जिथून पाणी वाहून जाते), पुनर्भरण (जिथे ते मुरते) आणि साठवण असे तीन भाग दाखवलेले असतात. पाझर तलाव कुठे घ्यायचा आणि विहीर कुठे घ्यायची, याचा प्राथमिक निर्णय त्या नकाशावरून चांगला घेता येतो.

तालुक्याच्या टक्केवारीबद्दल मात्र माझे गंभीर आक्षेप आहेत. पहिला आक्षेप मोजणीच्या स्वरूपाबद्दल आहे. पुनर्भरणाचा आकडा दोन पद्धतींनी काढतात : एक पातळीतल्या चढउतारावरून आणि दुसरी पावसाच्या मुरण्याच्या टक्क्यावरून. दोन्ही उत्तरांत २० टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला, तर अंतिम आकडा पावसावरून काढलेल्या उत्तराच्या ०.८ किंवा १.२ पटीवर बांधून टाकला जातो. टोकाची चूक टाळण्यासाठी हा नियम ठेवला आहे हे मान्य. पण ज्या ठिकाणी प्रत्यक्ष विहिरी काही वेगळे सांगत असतात, तिथे त्यांचा आवाज यामुळे दबतो. दुसरा आक्षेप उपशाबद्दल आहे. उपसा क्वचितच प्रत्यक्ष मोजलेला असतो. विहिरींच्या संख्येला प्रत्येक विहिरीच्या सरासरी उपशाने गुणून तो बहुधा काढला जातो. विहिरींची संख्या लघुसिंचन गणनेतून येते आणि ती गणना काही वर्षांच्या अंतराने होते. शिवारात दरवर्षी नव्या बोअरची भर पडत असताना हा आकडा मागे पडणे अपरिहार्य आहे. तिसरा आक्षेप सरासरीचा आहे. एकाच तालुक्यात कालव्याखालची गावे आणि माथ्यावरची कोरडवाहू गावे असतील, तर त्यांची सरासरी काढून तालुका सुरक्षित ठरतो, आणि माथ्यावरच्या गावाला फेब्रुवारीतच टँकर लागतो. २०२३ च्या मूल्यांकनात संपूर्ण देशाचा उपसा उपलब्ध भूजलाच्या सुमारे ५९ टक्के होता. एवढ्या मोठ्या क्षेत्राची सरासरी धोरणकर्त्याच्या उपयोगाची असली, तरी विहीरमालकाला त्यातून काहीही कळत नाही, आणि तालुक्याच्या सरासरीलाही कमी प्रमाणात तीच मर्यादा आहे. या तिन्ही आक्षेपांमुळे मी अहवालातील टक्केवारी एक कल म्हणून वाचतो. दोन तालुक्यांपैकी एकाचे ६८ आणि दुसऱ्याचे ७२ असतील तर त्यांत शास्त्रीय फरक आहे असे मानत नाही, जरी कागदावर त्यांचे वर्ग वेगळे झालेले असले.

टंचाईच्या अंदाजासाठी ऑक्टोबरमधील पातळीची तुलना मागील पाच वर्षांच्या सरासरीशी करण्याची पद्धतही याच कारणाने सावधपणे वाचावी लागते. ती झटपट आणि समजायला सोपी आहे, आणि प्रशासनाला वेळेत इशारा मिळण्याच्या दृष्टीने उपयोगीही आहे. पण ज्या भागात पातळी वर्षानुवर्षे उतरत आहे, तिथे सरासरीही सोबत उतरत जाते, आणि खालावलेली स्थितीच नेहमीची वाटू लागते. अशा ठिकाणी वीस-तीस वर्षांचा आलेख शेजारी छापला, तर वाचकाला खरी स्थिती दिसेल. आकडे उपलब्ध असताना तो का छापला जाऊ नये, हे मला समजलेले नाही.

२०१२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय जलधर नकाशांकन कार्यक्रमाने, म्हणजे नॅक्विमने, या उणिवांपैकी काही भरून काढल्या. यात जलधराची जाडी, खोली, विस्तार आणि पाण्याची गुणवत्ता एकत्र मांडून त्या क्षेत्रासाठी व्यवस्थापन आराखडा दिला जातो. सुमारे २५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्राचे नकाशांकन २०२३ पर्यंत पूर्ण झाले. त्याआधी देशातल्या सहा प्रायोगिक क्षेत्रांत नागपूर जिल्ह्यातील चंद्रभागा पाणलोटाचा वरचा भाग होता, आणि तिथे हेलिकॉप्टरमधून विद्युतचुंबकीय सर्वेक्षण करून जमिनीखालच्या थरांचा वेध घेण्यात आला होता. नॅक्विमच्या अहवालांतले आडवे छेद विशेष वाचनीय आहेत. बेसाल्टचे वरचे आणि खालचे जलधर वेगवेगळ्या रंगांत दाखवल्यामुळे, खोल गेल्याने पाणी वाढतेच असे नाही, ही गोष्ट डोळ्यांना दिसते. व्यवस्थापन आराखड्याचा भाग मात्र मला बहुतेक ठिकाणी साचेबंद वाटला. पाझर तलाव, पुनर्भरण खड्डे, ठिबक सिंचन अशी शिफारस जिल्ह्यामागून जिल्ह्यात त्याच शब्दांत येते, आणि आधीच्या पन्नास पानांत मांडलेले खडकाचे वैशिष्ट्य त्या शिफारशीत उतरत नाही.

बेसाल्टबाहेरच्या भागांवरचे अभ्यास वाचताना या संस्थांचे बळ अधिक जाणवते. तापी आणि पूर्णा नद्यांच्या खोऱ्यांत गाळाचे जाड थर आहेत. जळगाव जिल्ह्यातील यावल आणि रावेर या केळीच्या पट्ट्यात उपसा पुनर्भरणापेक्षा जास्त झाला आहे, आणि तिथे सातपुड्याच्या पायथ्याशी साचलेल्या दगडगोट्यांच्या पट्ट्यातून पुनर्भरण करण्याची सूचना खडकाच्या नेमक्या ज्ञानावर उभी आहे. ओढ्याचे पाणी त्या जाडसर थरात मुरवले, तर ते पुढच्या गाळात पोहोचते. तेच पाणी काही किलोमीटर खाली चिकणमातीवर अडवले, तर त्यातले बरेचसे वाफ होऊन जाते. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णेच्या खारपाण पट्ट्यावरचे काम तितकेच महत्त्वाचे आहे, कारण तिथे पाण्याचे प्रमाण हा मुद्दा दुय्यम असून क्षारता हा मुख्य प्रश्न आहे, आणि गोड पाणी कोणत्या खोलीपर्यंत मिळते हे खोदण्याआधी माहीत असणे फार गरजेचे असते. पूर्व विदर्भात खडकच बदलतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली या भागांत प्राचीन नाइस आणि ग्रॅनाइट आढळतात, वर्धेच्या खोऱ्यात गोंडवाना गटाचे वालुकाश्म आहेत. एकाच राज्यासाठी एकच नियम लावून चालत नाही, हे या अहवालांच्या शेजारी-शेजारी वाचनातून फार चांगले उमगते.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे १:५०,००० प्रमाणातले नकाशे भूकोश या संकेतस्थळावर पाहता येतात, आणि ते पाण्यासाठी तयार केलेले नसले तरी पाण्याच्या कामाला ते सोबत असावेत असा माझा आग्रह आहे. त्यांत लाव्हाप्रवाहांचे गट, भ्रंशरेषा आणि डाईक, म्हणजे खडकाला चिरून उभ्या घुसलेल्या कातळभिंती, दाखवलेल्या असतात. धुळे आणि नंदुरबार परिसरात अशा डाईक फार मोठ्या संख्येने आहेत; एखादी घट्ट डाईक पाणी अडवून आपल्या वरच्या बाजूला साठा करते, तर एखादी भेगाळलेली डाईक स्वतःच पाण्याची वाट होते. दोन्हींतला फरक नकाशा सांगत नाही, त्यासाठी जागेवरच जावे लागते. बेसाल्टची जाडी किती असू शकते हे सांगणाऱ्या काही खोल छिद्रांची नोंद इथे करावीशी वाटते. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तिथे घेतलेल्या ६१७ मीटर खोल छिद्रात बेसाल्ट ३३८ मीटर जाडीचा निघाला. कोयना परिसरात गोठणे येथील तीन किलोमीटर खोल छिद्रात तो १,२४७ मीटर होता. बेसाल्ट इतका जाड आहे म्हणून पाणीही तितके खोल असेल, असा तर्क काही जण करतात आणि तीनशे-चारशे मीटरपर्यंत बोअर नेतात. अन्वेषण कूपनलिकांचे तक्ते त्याला आधार देत नाहीत. पाण्याचे बहुतेक थर वरच्या भागात असतात, आणि खोलवर मिळणारे पाणी अनेकदा जुन्या साठ्याचे असल्याने ते सहज भरून येत नाही. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना वेगळे मानून त्यांच्यावर निर्बंध ठेवले आहेत, त्यामागचे शास्त्रीय कारण या तक्त्यांत स्पष्ट दिसते.

पाण्याच्या गुणवत्तेचे तक्ते स्वतंत्रपणे पाहावेत. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. फ्लोराइडची इष्ट मर्यादा १ आणि पर्यायी स्रोत नसताना कमाल मर्यादा १.५ मिलिग्रॅम आहे. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही भागांत फ्लोराइड ही मर्यादा ओलांडते. ज्या गावाची योजना कूपनलिकेवर आहे, त्या गावाच्या पाणी समितीने निदान ही दोन रकान्यांची तपासणी तरी दरवर्षी करावी.

आता सेवेच्या बाजूबद्दल. राज्याची यंत्रणा मराठीत बरेच साहित्य काढते, आणि अटल भूजल योजनेतील तेरा जिल्ह्यांत गावपातळीवर पाण्याचा ताळेबंद लोकांसमोर मांडण्याचे काम झाले, ही समाधानाची बाब आहे. पण केंद्रीय अहवाल जवळजवळ सर्वच इंग्रजीत आहेत. ज्या शेतकऱ्याच्या विहिरीवर हे सारे अवलंबून आहे, त्याला आपल्या जिल्ह्याचा अहवाल स्वतःच्या भाषेत वाचता येऊ नये, ही मला या साहित्याची सर्वांत मोठी उणीव वाटते. जुने अहवाल छायाप्रतीच्या स्वरूपात असल्यामुळे त्यांतले तक्ते शोधता येत नाहीत, आकडे पुन्हा हाताने उतरवून घ्यावे लागतात. एकाच विहिरीचे नाव दोन संस्थांच्या याद्यांत वेगळ्या स्पेलिंगने येते, आणि अक्षांश-रेखांश जुळवल्याशिवाय ती एकच विहीर आहे की नाही हे ठरत नाही. एका कार्यालयातून मूळ पातळ्यांचे आकडे मागितल्यावर मला केवळ नकाशाची प्रत मिळाली आणि आकड्यांसाठी पुन्हा लेखी अर्ज करावा लागला. अर्जाचा पाठपुरावा केल्यावर ते मिळाले, पण असा पाठपुरावा प्रत्येकाला जमत नाही. भूवैज्ञानिकांची वागणूक मात्र मला सर्वत्र आपुलकीची वाटली. योग्य प्रश्न विचारला, गट क्रमांक आणि विहिरीची खोली सांगितली, की ते नकाशा उघडून समजावून सांगतात, आणि हा या सेवेचा न छापलेला पण फार मोठा भाग आहे.

या साहित्याकडून एकच गोष्ट मागू नये : माझ्या शेतात बोअर नेमका कुठे मारू, याचे उत्तर. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर होतो, आणि बेसाल्टमध्ये भेग तीस पावलांवर सुटते. तेवढ्यासाठी जागेवर विद्युत प्रतिरोध सर्वेक्षण, म्हणजे जमिनीत वीजप्रवाह सोडून थरांचा अंदाज घेणे, करावे लागते, आणि ते करणाऱ्या भूवैज्ञानिकाकडे त्या भागाचे थरांचे तक्ते असले तर त्याच्या अनुमानाला आधार मिळतो. गावागावांत अजूनही पाणाड्याला बोलावतात, नारळ किंवा कडुलिंबाची फांदी धरून जागा ठरवतात. पूर्णपणे अज्ञात जमिनीवर लाखाचा खर्च करताना माणसाला कसला तरी आधार हवा असतो, हे मी समजू शकतो. पण आधार मिळण्याची जागा आता उपलब्ध आहे, आणि तिच्या नोंदी तपासून पाहता येतात. आपल्या गावाच्या सर्वांत जवळच्या निरीक्षण विहिरीचा क्रमांक शोधावा, तिचा शक्य तितक्या वर्षांचा आलेख मागावा, जवळच्या अन्वेषण कूपनलिकेचा तक्ता काढावा, आणि मगच गाडी बोलावावी.

शेवटी एक मागणी नोंदवतो, कारण सरकारी अभ्यासाची पुढची प्रगती तीवर अवलंबून आहे. राज्यात दरवर्षी असंख्य खासगी बोअर घेतले जातात. प्रत्येक छिद्रातून खडकाचा चुरा वर येतो, प्रत्येकात पाणी लागल्याची खोली कळते, आणि काही तासांत तो ढीग बांधावर पसरून जातो. सरकारी अन्वेषण कूपनलिकांची संख्या याच्या तुलनेत नगण्य आहे. २००९ च्या कायद्यात खोदाईच्या यंत्रमालकांच्या नोंदणीची तरतूद आहे. त्या नोंदणीसोबत प्रत्येक बोअरचा गट क्रमांक, खोली, थरांचा क्रम, पाणी लागलेली खोली आणि अपयशी ठरला असल्यास तसा उल्लेख, एवढी पाच रकान्यांची नोंद एका साध्या मराठी अर्जात बंधनकारक करावी आणि ती पाणलोटनिहाय सर्वांना खुली ठेवावी. त्यासाठी नवी संस्था लागणार नाही, कारण नोंदी तपासण्याचे आणि जुळवण्याचे कौशल्य पुणे आणि नागपूर येथील भूवैज्ञानिकांकडे आधीच आहे.